बेकरीवाला मामा आणि शहराचं सांडपाणी

माझा मामा बेकरीत भट्टीवर होता. त्याच्याबरोबरचे कारागीर ट्रे आत सरकवले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. मामा मात्र भट्टीकडे पाठ करून पुढचं पीठ मळायला घ्यायचा आणि मळता मळता मध्येच म्हणायचा, "काढा आता. डावीकडचा आधी, तो पुढे गेलाय." ट्रे बाहेर यायचा तेव्हा पाव अगदी हवा तसा, वरून मधाच्या रंगाचा. हे सगळं तो वासावर करायचा. कच्च्या पिठाचा वास कधी संपतो आणि वरचं कवच खरपूस व्हायला कधी लागतं, हे त्याच्या नाकाला आपोआप कळायचं.

मामा-मामी आमच्याच इमारतीत, एक मजला वर राहतात. त्यामुळे या नाकाचा जाच मला लहानपणापासून. शाळेतून येताना काही चोरून खाल्लं असलं, की जिन्यात भेटलेला मामा नुसता हुंगून सांगायचा, "चॉकलेट. आणि तेही मैत्रिणीकडचं. तुझ्याकडे एवढं भारी कुठून येणार?" मामी चष्म्याच्या दुकानात काम करते. ती म्हणायची, "आमच्याकडे डोळ्यांचा नंबर काढतात. ह्यांच्या नाकाचा काढायला गेलं तर मशीन बंद पडेल."

मग एका हिवाळ्यात मामा आजारी पडला. ताप, खोकला, अंगदुखी. त्या दिवसांत अख्खं शहरच खोकत होतं, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ताप उतरला, खोकला गेला, मामा कामावर परतला आणि पहिल्याच दिवशी भट्टीतून धूर निघायला लागला. मामा भट्टीसमोरच उभा होता, हातभर अंतरावर, आणि त्याला पत्ताच नव्हता. शेजारचा कारागीर ओरडत आला तेव्हा कुठे त्यानं दार उघडलं. आतल्या पावाचा कोळसा झाला होता.

"अरे, वास नाही आला तुला?" मालकांनी विचारलं.

मामानं एक जळका पाव उचलला, नाकाशी धरला, पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाला, "नाही आला."

डॉक्टरांनी तपासलं. विषाणूमुळे नाकाच्या आतल्या, वास ओळखणाऱ्या पेशींना इजा झाली होती. बऱ्याच जणांची वासाची जाणीव परत येते, पण कधी आणि कितपत, ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. सरावासाठी त्यांनी चार छोट्या बाटल्या हुंगायला सांगितल्या: लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. मामा रोज नेमानं बाटल्या उघडायचा आणि नेमानं बंद करायचा. मामीनं विचारलं, "काही?" की नकारार्थी मान हलवायचा.

मालक भला माणूस. त्यांनी मामाला पॅकिंगवर बसवलं. मामानं काही दिवस पाव कागदात गुंडाळले आणि एके दिवशी ॲप्रन घडी करून ठेवून दिला. "भट्टीपासून चार पावलांवर बसायचं आणि आत काय चाललंय ते कळायचं नाही," तो आईला म्हणाला, "त्यापेक्षा घरी बसलेला बरा."

घरी बसणं मात्र त्याला मुळीच बरं नव्हतं. जेवणाची चव गेली होती. पुढ्यात येईल ते तो मुकाट गिळायचा. आधी आमच्या मजल्यावरून जाताना हटकून आत डोकावणारा माणूस आता सरळ वर निघून जायचा. एकदा दूध उतू जाऊन गॅसची शेगडी विझली आणि तो शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसून राहिला. मामी कामावरून आली आणि दारातच थबकली. धावत जाऊन तिनं गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, मामाला हाताला धरून बाहेर काढलं. मी वर गेले तेव्हा दोघं जिन्यात बसली होती. मामा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी इथेच होतो गं. मी इथेच होतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामीच्या दुकानात एक बाई चष्म्याची दांडी दुरुस्त करून घ्यायला आल्या. आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख डॉक्टर. स्क्रू बसेपर्यंत गप्पा सुरू झाल्या. शहरातल्या सांडपाण्याचे नमुने गोळा करायला माणूस मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. येतात, आणि पहिलं झाकण उघडलं की नाक धरून पळतात.

मामीनं चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "वासाचीच अडचण आहे ना? दुसरी काही नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मामा प्रयोगशाळेत हजर. डॉक्टरबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि आधीच स्पष्ट सांगितलं, "काम स्वच्छतेनं करायचं आहे, अवघड नाही. पण दुर्गंधी फार असते. तुम्ही बेकरीतून येताय, तुम्हाला जास्तच त्रास होईल."

"बाई," मामा म्हणाला, "तो प्रश्न माझा मागच्या हिवाळ्यातच सुटलाय."

कारण कळल्यावर डॉक्टरबाईंना हसू आवरेना, आणि हसल्याबद्दल माफी मागतानाही त्या हसतच होत्या. मामालाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

काम असं होतं. शहरात काही ठिकाणी, पंपिंग स्टेशनवर आणि ड्रेनेजच्या मोठ्या चेंबरांपाशी, एक यंत्र बसवलेलं असतं. पिंपाएवढं. त्याची नळी खाली पाण्यात सोडलेली. ते दिवसभर आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळानं घोटभर पाणी वर ओढतं आणि बर्फात ठेवलेल्या बरणीत साठवतं. मामानं जायचं, बरणी हलवून बाटलीत नमुना भरायचा, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, नवी बरणी लावायची. खाली कधीही उतरायचं नाही. झाकण उघडण्याआधी गॅस मोजायचं यंत्र लावायचं. ते टिटटिट वाजलं तर मागे सरकायचं. जोडीला एक व्हॅन, आणि व्हॅन चालवायला एक ताई, जी आधी ॲम्ब्युलन्स चालवायची आणि अजूनही तशीच चालवते.

या पाण्यात काय सापडतं, ते मामानं मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. आमच्या स्वयंपाकघरात, कट्ट्याला टेकून. बेकरी सुटल्यापासून तो पहिल्यांदाच आमच्याकडे टेकला होता.

"हे बघ. माणूस आजारी पडतो. दवाखान्यात जातो कधी? अंगाशी आलं की. काही जण जातच नाहीत. पण बाथरूममध्ये सगळेच जातात. बेसिनमध्ये थुंकतात, नाक शिंकरतात, कफ गिळला तर तोही शेवटी तिकडेच येतो. त्यात विषाणूचे तुकडे असतात. मेलेले, निरुपद्रवी, पण ओळखू येतात. कुणी न सांगता अख्खं शहर रोज आपली तब्येत नळीतून खाली पाठवतं."

"शी!" आई म्हणाली. ती पोळ्या लाटत होती.

"आणि मिरचीची गंमत ऐक. एक विषाणू मिरचीच्या झाडाला होतो. आपण मिरची खातो, तो आपल्याला काहीही न करता आरपार बाहेर पडतो. बाई तो पण मोजतात. म्हणजे पाण्यात माणसांचा भाग किती आणि पावसाचं पाणी किती, त्याचा अंदाज येतो. नाहीतर पाऊस पडला की वाटायचं, चला, शहर बरं झालं!"

"दादा, मी स्वयंपाक करतेय," आई म्हणाली, पण तिचा आवाज काही निराळाच होता. तो बाहेर गेल्यावर तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बोलायला लागला गं."

घरातून खरा विरोध झाला तो आत्याआजीचा. ही मामाची आणि आईची आत्या. शहराच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी वृद्धाश्रम आहे, तिथे ती स्वतःच्या मर्जीनं राहायला गेलेली. "सुनांच्या राज्यात राहण्यापेक्षा स्वतःच्या खोलीत राणी," असं म्हणत. मामाला ती या वयातही बाळ्या म्हणते.

"बाळ्या, पाव करणारे हात ते," ती फोनवर कडाडली, "आणि गटारात घालतोस?"

"घालत नाही आत्या. हातमोजे असतात. आणि माणूस खाली उतरत नाही, नळी उतरते."

"मग नळीलाच पगार दे म्हणावं."

मामानं हे सगळ्यांना स्वतःच सांगितलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

हळूहळू त्याला कामाची गोडी लागली. बेकरीत जसा तो हात धुवून, बाह्या सारख्या करून भट्टीपाशी उभा राहायचा, तसाच आता चेंबरपाशी उभा राहायचा. व्हॅनमध्ये नमुन्यांच्या पेट्या तो पावाच्या ट्रेसारख्याच रचायचा. जाता-येता प्रयोगशाळेत डोकावून पडद्यावरची, विषाणूचं प्रमाण दाखवणारी रेघ बघायचा. वर चढते, खाली येते. डॉक्टरबाई कामात असल्या तरी दोन मिनिटं थांबून त्याला सांगायच्या, ही खोकल्याच्या कुठल्या विषाणूची, ही लहान मुलांना धाप लावणाऱ्याची, ही फ्लूची.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी फ्लूची रेघ हलली. दवाखाने अजून निवांत होते, औषधांच्या दुकानात गर्दी नव्हती. पण पूर्वेकडून येणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या पाण्यात फ्लूचे तुकडे वाढले होते. डॉक्टरबाईंनी मामाला आणि ताईला बोलावलं आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"ही वाहिनी इथे तीन फाट्यांत फुटते. तिन्हींचे वेगवेगळे नमुने हवेत. मग जिथे जास्त सापडेल तिथून आणखी वर."

"म्हणजे घरापर्यंत पोचायचं?" ताईनं विचारलं.

"नाही. घरापर्यंत कधीच जायचं नाही. आपण वस्तीची तब्येत बघतोय, कुणाच्या संडासावर पाळत ठेवत नाही."

दोघांनी यंत्रं उचलून तिन्ही फाट्यांवर बसवली. एक फाटा जवळपास कोरा निघाला, दुसऱ्यात थोडे तुकडे होते, तिसऱ्यात भरपूर. तिसऱ्या फाट्याच्या नकाशावर एक शाळा होती, काही इमारती होत्या आणि टेकडीच्या पायथ्याशी एक चौकोन. त्या चौकोनात काय आहे, हे मामाला वाचावं लागलं नाही.

त्यानं खिशातून फोन काढला.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी आहे तिथं तुमचं?"

"आत्या."

"एकाच नमुन्यावर बोललो आणि चुकलो, तर पुढच्या वेळी कुणी आपलं ऐकणार नाही. उद्याचा नमुना येऊ द्या. तोही तसाच असेल तर मी स्वतः फोन करते, सगळ्यांना. शाळेलाही, आश्रमालाही, दवाखान्यांनाही."

मामानं फोन परत खिशात घातला. तो दिवस त्यानं कसा काढला ते मामीला विचारावं. त्याचं कशातही लक्ष लागत नव्हतं. तो उगाच कपाटं आवरत होता आणि आवरलेली पुन्हा काढत होता. "एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?" मामीनं विचारलं. "मीच असा फोन केला तर उद्या बाकीच्यांनी का थांबायचं?" तो म्हणाला. पण ती रात्र त्यानं या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

दुसरा नमुना पहिल्यापेक्षा ठळक निघाला. डॉक्टरबाईंनी फोन उचलला. शाळेनं पालकांना कळवलं, की मूल आजारी असेल तर घरीच ठेवा. दवाखान्यांनी तपासणीचं साहित्य मागवलं. वृद्धाश्रमात ज्यांनी लस घ्यायची टाळाटाळ केली होती, त्यांच्यासाठी परिचारिका त्याच दिवशी पोचल्या. फ्लूच्या गोळ्यांचा साठा आला, बाहेरून येणाऱ्यांना काही काळ बंदी झाली, आणि जेवणाच्या मोठ्या हॉलऐवजी ताटं खोल्यांमध्ये जाऊ लागली.

टाळाटाळ करणाऱ्यांच्या यादीत आत्याआजीचा नंबर पहिला होता, हे वेगळं सांगायला नको.

"तुझ्या गटारानं मला खोलीत कोंडलं," तिनं मामाला फोन केला. "दंडात सुई टोचली ती वेगळीच. आणि पत्ते कुणाबरोबर खेळू? भिंतीबरोबर?"

"आत्या, थोडे दिवस."

"कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही इथं!"

"त्याआधीच तर कळवलंय ना."

ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आमच्या पाण्यावरून कळलं तुला?"

"तुमच्या सगळ्या भागाच्या पाण्यावरून."

"म्हणजे आमचंही त्यात आलंच की. कसल्या गोष्टी बघतोस रे मेल्या," ती म्हणाली आणि खुदकन हसली.

पुढच्या आठवड्यात शाळेतली मुलं तापानं फणफणली आणि मग दवाखान्यांबाहेर रांगा लागल्या. वृद्धाश्रमातही फ्लू शिरला. काही जणांना ताप आला, त्यांत आत्याआजीही होती. पण परिचारिका रोज सगळ्यांचा ताप बघत होत्या, गोळ्या हाताशी होत्या, आणि औषध पहिल्याच दिवशी सुरू झालं. एका आजोबांना दवाखान्यात न्यावं लागलं, तेही बरे होऊन परत आले. आत्याआजी तापातून उठली ती आधीपेक्षा बारीक झाली होती, पण आवाज होता तसाच. मामा तिला बघायला गेला तेव्हा भेटीची बंदी उठली नव्हती. तो बागेत उभा राहिला आणि ती खिडकीच्या काचेमागे. दोघं समोरासमोर उभं राहून फोनवर बोलत होती.

"वाळलास की रे," ती म्हणाली.

"तू पण."

"मला फ्लू झाला होता. तुला काय झालं?"

मामानं नुसता काचेवर हात ठेवला. आत्याआजीनं आतून त्या जागी बोटानं टकटक केलं.

सांडपाण्यामुळे नेमकी किती माणसं वाचली, हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात. जे घडलं नाही ते मोजायचं कसं? मामाचं मात्र तेवढ्यावर समाधान आहे.

हिवाळा सरला. एका सकाळी पंपिंग स्टेशनमागच्या चेंबरपाशी मामानं नेहमीसारखं गॅसचं यंत्र लावलं, ते गप्प राहिलं, मग लोखंडी आकड्यानं झाकण सरकवलं. आणि तो एकदम ओरडला. ताईनं व्हॅनमधून उडी मारली, त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत मागे ओढलं.

"गॅस? चक्कर येतेय? मामा, बोला!"

"ताई, घाण!" मामा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय भयंकर घाण येतेय गं! काय मस्त घाण येतेय!"

ताईला वाटलं, याला भ्रम झाला. गॅसचं यंत्र तिनं पुन्हा लावून बघितलं. ते गप्पच होतं. तेव्हा कुठे तिला उलगडा झाला. मग ती रस्त्याच्या कडेला उभी राहून इतकी हसली, की समोरच्या सायकलवाल्यानं थांबून विचारलं, काही हरवलंय का?

वास एकदम नाही परतला. आधी सगळंच विचित्र होतं. कॉफीला रबर जळल्यासारखा वास यायचा, साबणाला धुरासारखा. गुलाबाची बाटली ओळखायला बराच काळ गेला. पण एके दिवशी आमच्या मजल्यावरून जाताना मामा थांबला, दारात उभा राहून त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "कांदा लागतोय बघ." आईनं कढई तशीच ठेवली आणि येऊन भावाला मिठी मारली. कांदा खरंच लागला होता.

बातमी बेकरीपर्यंत पोचली आणि मालक स्वतः घरी आले. भट्टी तुझीच आहे, म्हणाले. मामानं त्यांना चहा दिला, भट्टीची खुशाली विचारली आणि विचार करायला वेळ मागून घेतला. मामीनं त्याला काही सुचवलं नाही. डॉक्टरबाईंनीही नाही, फक्त त्या दोन दिवस त्याच्याशी फार जपून बोलत होत्या.

अखेर त्यानं मालकांना सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी येतो. बाकी आठवडा मला ती रेघ बघायची असते."

"पण आता तर तुला वास येतो," मालक म्हणाले. "ती घाण कशी सोसणार?"

"मास्कच्या आत निलगिरीचा थेंब लावतो. डॉक्टरांच्या बाटल्या तशाही उरल्यात."

वास नीट यायला लागल्यावर एकदा कामावरून घरी येताच मामानं स्वतःचाच शर्ट हुंगला आणि तोंड वाकडं करून थेट बाथरूममध्ये शिरला. मामी बाहेरून म्हणाली, "आता कळलं? इतके दिवस मी काय सोसलं ते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसत घरी येत होतात," मामी म्हणाली आणि टॉवेल दाराला अडकवून गेली.

गेल्या महिन्यात वृद्धाश्रमानं त्याला माहिती द्यायला बोलावलं. आत्याआजीचाच आग्रह होता. हॉल भरला होता. ती पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होती, "माझा भाचा. आमच्या सगळ्यांच्या पाण्यावर लक्ष ठेवतो." मामानं यंत्र समजावलं, मिरचीची गंमत सांगितली, रेघेचं चित्र दाखवलं. मागून एका आजोबांनी हात वर केला.

"मला एक सांगा. मी रात्री तीनदा उठतो. म्हणजे माझा वाटा जास्त मोजला जातो का?"

हॉलमध्ये हशा पिकला. मामानं प्रश्न अगदी गंभीरपणे घेतला. यंत्र थोड्या थोड्या वेळानं पाणी घेतं, सगळ्यांचं मिसळतं, त्यामुळे एकट्यादुकट्याचा फार फरक पडत नाही, असं त्यानं सांगितलं. आजोबा जरा हिरमुसले.

"तरीपण," मामा म्हणाला, "तुमचा सहभाग आम्हाला हवाच आहे."

"मिळेल," आजोबा म्हणाले. मग मामानं त्या पहाटे बेकरीत भाजलेल्या पावांची टोपली आत्याआजीनं पुढे केली, आणि सगळ्यांनी हात धुतलेत का ते विचारत ती रांगेतून फिरायला लागली.